पाटी पालथी

(सोलापूर येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीवर एक कोरा कागद ठेवलेला आहे. तो कशासाठी ते शेवटी सांगतो. तोवर त्याचा पंखा करू नका एवढीच विनंती. पुढच्या रांगेत दोघांनी केलेला दिसतोय, असू द्या.

ज्या सरांच्या स्मरणार्थ हे पुष्प गुंफायला तुम्ही मला बोलावलंत, त्यांच्याकडे मी पाचवी ते सातवी गणित शिकलो. शनिवारी सकाळी तोंडी हिशेबांचा तास असायचा. सर विचारायचे, साडेसात रुपये डझन आंबे, तर सोळा आंब्यांचे किती? वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. उत्तर आलं की पाटीवर लिहायचं आणि पाटी पालथी घालायची. मधेच कुणी “दहा!” असं ओरडलं, तर उत्तर बरोबर असूनही त्याला बाकावर उभं राहावं लागायचं. सगळ्यांच्या पाट्या पालथ्या झाल्या की सर म्हणायचे, “पाट्या वर!” मग एकदम पन्नास पाट्या वर. गंमत म्हणजे सर आधी चुकलेल्या पाट्या वाचायचे. “नऊ रुपये? हे कसं आणलंस रे? सांग बघू.” बरोबर आलेल्यांकडे ते सर्वांत शेवटी वळायचे, आणि तेसुद्धा एका उत्तरासाठी किती वाटा होत्या हे मोजायला.

पुढे मी इथल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मुलांना प्रोग्रामिंग शिकवलं, तीस वर्षं. पालथ्या पाटीची आठवण व्हायला मला त्यातली निम्मी वर्षं लागली. आजचं व्याख्यान म्हणजे त्या उशिराची कबुली आहे असं समजा.

झालं असं. नोकरीच्या सुरुवातीला माझ्या हाती ॲलेक्स ऑस्बॉर्न यांच्या पद्धतीची माहिती आली. ऑस्बॉर्न हे न्यूयॉर्कच्या बीबीडीओ या जाहिरात कंपनीचे भागीदार. कंपनीच्या नावातला शेवटचा ‘ओ’ त्यांचाच. १९३९च्या सुमारास त्यांनी आपल्या माणसांना एकत्र बसवून कल्पना काढायला लावायला सुरुवात केली, आणि १९५३ साली ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ या पुस्तकात ती पद्धत सविस्तर मांडली. तिलाच ब्रेनस्टॉर्मिंग म्हणतात. नियम चार. कुणाच्या कल्पनेवर टीका करायची नाही. कल्पना जितकी अचाट तितकी चांगली. जितक्या जास्त तितक्या चांगल्या. आणि दुसऱ्याच्या कल्पनेवर आपली चढवायची. याच पुस्तकात ऑस्बॉर्न लिहितात की भारतातले हिंदू गुरू चारशेहून अधिक वर्षं अशीच पद्धत वापरत आले असून तिचं नाव ‘प्राय-बार्शना’ आहे! संस्कृतच्या प्राध्यापक मित्राला मी हा शब्द दाखवला. तो म्हणाला, “यातलं मला फक्त बार्शी कळतं.” साहेबाला कुणी काय सांगितलं असेल ते असो. इतक्या लांबचा दाखला द्यायचाच होता तर बसवकल्याण इथून हैदराबाद रस्त्यानं दोन-अडीच तासांवर आहे. त्याच्याकडे मी नंतर येणार आहे.

तर मी हे नियम फळ्यावर लिहिले आणि दुसऱ्या वर्षाच्या साठ मुलांना म्हणालो, बोला. प्रश्न होता ग्रंथालयाच्या नोंदींचा प्रोग्राम कसा लिहायचा. वीस मिनिटांत फळा भरला. गलका एवढा झाला की शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. मी खूश. घरी येऊन बायकोला सांगितलं, आज वर्ग पेटला होता. दुसऱ्या दिवशी सबमिशनच्या फाइली तपासताना एका मुलीच्या फाइलीत मधेच एक पान सापडलं. त्यावर ग्रंथालयाचाच प्रश्न होता, पण मांडणी फळ्यावरच्या कुठल्याच मांडणीसारखी नव्हती. पुस्तकांची यादी करायच्या ऐवजी तिनं फक्त देवघेवीची यादी केली होती, आणि कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हे त्या एका यादीतून काढता येत होतं. अनुभवी माणसालाही सहसा पहिल्या फटक्यात न सुचणारी गोष्ट. मी तिला विचारलं, काल का बोलली नाहीस? ती म्हणाली, “सर, माझी पाळी येईपर्यंत विषय पुढं गेला होता. आणि इंग्रजीत कसं सांगायचं ते जुळवत होते.”

मग मी फळा डोळ्यांसमोर आणला. साठ मुलांच्या वर्गात बोलले होते सहा. त्यातले तीन नेहमीचे.

माझ्या त्या फसलेल्या तासाचं निदान माझ्या जन्माआधीच छापून आलं होतं. १९५८ साली येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी ९६ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना चौघांच्या गटात बसवलं, निम्म्यांना एकेकटं. नंतर एकट्यांचे कागद चार-चार करून एकत्र केले, सारखे मुद्दे एकदाच मोजले आणि तुलना केली. एकट्यांच्या कागदांवर जवळजवळ दुपटीनं कल्पना निघाल्या. ऑस्बॉर्नचे नियम दोघांनाही सारखेच दिले होते. १९८७ साली डील आणि श्ट्रोबे या जर्मनीतल्या संशोधकांनी कारणांचा छडा लावला. लोक लाजतात, काही जण दुसऱ्यांच्या जिवावर आळस करतात, हे थोडंफार असतं. पण खरा अडथळा अगदी साधा आहे. एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे थांबतात. थांबताना सुचलेलं विसरतात, किंवा विसरू नये म्हणून तेवढंच घोकत बसतात आणि नवीन सुचत नाही.

नळावरच्या रांगेत उभ्या राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. पाणी भरपूर असतं, तोटी एकच असते.

सोलापुरात या तोटीला आणखी एक चाळणी लावलेली आहे. आपल्या वर्गात बसलेलं मूल घरी तेलुगू बोलतं, किंवा कन्नड, किंवा उर्दू, गल्लीत मराठी, आणि प्रोग्रामिंगचा तास इंग्रजीत. कल्पना सुचते एका भाषेत, मित्राला सांगायची दुसरीत आणि सरांसमोर उभं राहून म्हणायची तिसरीत. तिसरीपर्यंत जी पोचते ती बहुधा पुस्तकातलीच असते, कारण तिचं इंग्रजी आयतं मिळतं. मुलं पाठांतरी आहेत ही तक्रार मी स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं ऐकली, स्वतःही केली. आता मला ती अन्यायाची वाटते. आम्ही त्यांना पाठ केलेलंच बोलता येईल अशी व्यवस्था करून ठेवली होती.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी तासाची पद्धत उलटी केली. कागद द्यायचा, दहा मिनिटं पूर्ण शांतता, भाषा कुठलीही, चित्र काढलं तरी चालेल. बोलणारा बाकावर उभा. हे शेवटचं सरांकडून घेतलं. महाविद्यालयातली मुलं बाकावर उभी राहायला लाजत नाहीत, उलट फोटो काढून घेतात, म्हणून पुढे ते सोडून दिलं.

एक उदाहरण सांगतो. ज्यांना प्रोग्रामिंग येत नाही त्यांनाही हे कळेल. १ ते १०० क्रमांकाच्या शंभर चिठ्ठ्या आहेत. त्यातली एक हरवली. उरलेल्या ९९ चिठ्ठ्या विस्कटलेल्या. कुठली हरवली हे कसं शोधाल? बहुतेकांनी लिहिलं, क्रमानं लावा, जिथे खंड दिसेल ती. बरोबर आहे. हुशार मुलांनी लिहिलं, १ ते १०० यांची बेरीज ५०५० येते, हातातल्या चिठ्ठ्यांची बेरीज त्यातून वजा करा. हे पुस्तकातलं उत्तर, देखणं आहे. एका मुलीनं जोड्या लावल्या: १ आणि १००, २ आणि ९९, प्रत्येक जोडी १०१ची, जिचा जोडीदार मिळत नाही ती चिठ्ठी १०१मधून वजा करा. आणि पूर्व भागातल्या, विणकराच्या घरातल्या एका मुलानं कागदावर फक्त एक चित्र काढलं होतं. दहा बाय दहाची घरं, त्यातल्या काहींना काळी टिंबं.

मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, “पुठ्ठा, सर.”

इथे बसलेल्या निम्म्या लोकांना तो काय म्हणाला ते एव्हाना कळलं असेल. चादरीवर नक्षी उठते ती जेकार्डवर, आणि जेकार्डला काय उचलायचं ते सांगतात भोकं पाडलेले पुठ्ठे. भोक असेल तिथे सुई आत जाते, नसेल तिथे अडते, आणि त्याप्रमाणे ताण्याचे धागे उचलले जातात किंवा खाली राहतात. त्या मुलाचं म्हणणं असं: कोरा पुठ्ठा घ्या, शंभर घरं आखा, चिठ्ठी हातात आली की त्या घराला भोक पाडा. शेवटी पुठ्ठा उजेडासमोर धरा. जिथून उजेड येत नाही तो नंबर हरवला.

मी पुढचा प्रश्न टाकला. दोन चिठ्ठ्या हरवल्या तर? बेरीजवाले अडखळले. वजाबाकी करून दोघींची बेरीज कळते, पण एकेकटी कुठली ते कळत नाही. त्यासाठी वर्गांची बेरीज करत बसावं लागतं. जोड्यावाली मुलगीही थबकली, कारण हरवलेल्या दोघी एकमेकींच्याच जोडीदार निघाल्या तर एकही एकटी उरत नाही. पुठ्ठा मात्र तसाच. दोन हरवोत की वीस, उजेडासमोर धरा. प्रोग्रामिंगच्या भाषेत याला बिटमॅप म्हणतात, आणि शंभर चिठ्ठ्यांसाठी संगणकाच्या स्मृतीत त्याला फक्त १३ बाइट लागतात. मी तो पाचव्या सत्रात शिकवणार होतो. त्या मुलानं तो घरून आणला होता.

थोडं विषयांतर करतो, पण सोलापुरात उभं राहून हे न सांगणं बरं दिसणार नाही. जोसेफ मारी जाकार यानं १८०४ साली फ्रान्समध्ये हा जेकार्ड माग उभा केला. पुढे अशाच पुठ्ठ्यांवर खुद्द जाकारचं एक रेशमी चित्र विणलं गेलं, त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले होते. त्या चित्राची एक प्रत इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनं आपल्या घरी ठेवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती दाखवायचा. त्याच बॅबेजनं आपल्या गणकयंत्राला हुकूम द्यायला जाकारचे पुठ्ठे उचलले. म्हणजे आपल्याकडे अशोक चौकापलीकडे कारखान्यात टांगलेले पुठ्ठे आणि वर्गातला संगणक हे सख्खे चुलतभाऊ. आपण मात्र मुलांना संगणक परक्या घरातून आलाय असं सांगत राहिलो.

कागद फिरवायचीही एक रीत आहे. बेर्न्ट रोरबाख या जर्मन माणसानं १९६८च्या सुमारास ती काढली: सहा माणसं, प्रत्येकानं तीन कल्पना लिहायच्या, पाच मिनिटांत; मग कागद शेजाऱ्याला. त्यानं वरच्या तीन वाचून खाली आणखी तीन लिहायच्या. सहा फेऱ्या, तीस मिनिटं, १०८ कल्पना. आपल्या वर्गात बाक जमिनीला ठोकलेले असतात, गोल करून बसता येत नाही. पण एका बाकावर तीन मुलं बसतात. पुढच्या तिघांनी मागं वळायचं, झाले सहा. सहाच्या वर मात्र जाऊ नये. सहा जणांत १५ जोड्या होतात, दहांत ४५, आणि एवढ्या जोड्यांचं बोलणं सांभाळण्यातच तास संपतो. १०८मधल्या नव्वद कल्पना टाकाऊ असतात हेही प्रामाणिकपणे सांगतो. टाकाऊ सोडून द्यायला मुलं शिकतात, तीही एक कमाईच.

ही काही माझी एकट्याची टूम समजू नका. आधी एकट्यानं, मग जोडीनं, मग सगळ्या वर्गानं विचार करायचा ही रीत अमेरिकेत फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली, तिला थिंक-पेअर-शेअर म्हणतात. आयआयटी मुंबईत पहिल्या वर्षाच्या प्रोग्रामिंगच्या मोठ्या वर्गात ती दहा आठवड्यांत तेरा वेळा वापरून पाहिली. सरासरी ८३ टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली, असा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतूनही थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन या विषयासाठी हीच पद्धत वापरल्याचा निबंध २०१४ साली आला. तो विषय मुलांना किती रुक्ष वाटतो हे ज्यांनी शिकवलाय त्यांना विचारा.

इथपर्यंत ऐकून कुणाला वाटेल, हा माणूस शांततेचा भक्त दिसतो. तसं नाही. ऑस्बॉर्नचा टीका न करण्याचा नियम मी पाळतो, पण कागद फिरेपर्यंतच. त्यानंतर भांडण हवं. आपण ब्रेनस्टॉर्मिंगला विचारमंथन म्हणतो. ज्यांच्या घरी ताक घुसळलं गेलंय त्यांना माहीत आहे, रवीची दोरी एकाच बाजूला ओढत राहिलात तर लोणी येत नाही. २००४ साली शार्लन नेमेथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्समध्ये गटांना एकच प्रश्न दिला, शहरातली वाहतुकीची कोंडी कशी सोडवायची. ज्यांना वाद घाला, टीका करा असं सांगितलं होतं, त्यांनी टीका करू नका सांगितलेल्या गटांहून अधिक कल्पना काढल्या. शाहीर राम जोशींच्या गावात याचं नवल वाटायला नको. कलगीवाला आणि तुरेवाला समोरासमोर उभे राहिले की दोघांचीही प्रतिभा पाजळते.

आता बसवकल्याण. बाराव्या शतकातल्या तिथल्या अनुभव मंटपात चांभार, नावाडी, धोबी, मंत्री एकत्र बसत आणि बायकाही आपलं म्हणणं मांडत, असं शरण परंपरा सांगते. आपले सिद्धरामेश्वर तळं खोदण्यात रमले होते. तिथले अल्लमप्रभू सोन्नलगीला, म्हणजे आपल्या सोलापूरला, आले आणि त्यांनी त्या कामावरच टीका केली. त्या वादातून सिद्धराम कल्याणला गेले आणि पुढे मंटपाच्या शून्यपीठावर, म्हणजे अध्यक्षपदावर, बसले. आपल्या ग्रामदैवताच्या चरित्रातला हा प्रसंग गड्ड्याच्या यात्रेत फारसा कुणाला आठवत नाही. मला त्यातलं एकच दिसतं: अल्लमांनी सिद्धरामांना गप्प बसवलं नाही, कामाबद्दल प्रश्न विचारला.

मुलांना हे शिकवायला वेळ लागतो. कागद चार हात फिरला की अमुक कल्पना कुणाची हे पुसट होतं, आणि मग भांडण कल्पनेशी होतं. जेराल्ड वाइनबर्ग यांनी १९७१ सालीच प्रोग्रामरना सांगितलं होतं, तुमचा प्रोग्राम म्हणजे तुम्ही नव्हे. आमच्या मुलांच्या भाषेत, “तुला नाही बे, तुझ्या लूपला शिव्या देतोय.”

एक ताजी अडचण सांगितली पाहिजे. आता दहा मिनिटं शांतता म्हटलं की मुलं शांतपणे मोबाइलवरच्या एआयला विचारतात. दहा गटांकडून एकाच चवीची दहा उत्तरं येतात. २०२४ साली सायन्स ॲडव्हान्सेसमध्ये आलेल्या डोशी आणि हाउजर यांच्या अभ्यासात हेच दिसलं होतं: एआयची मदत घेतलेल्या कथा एकेक पाहता सरस, पण सगळ्या मिळून एकमेकींसारख्या. एआयवर बंदी घाला असं मी म्हणणार नाही, घालूनही उपयोग नाही. पाटी पालथी होईपर्यंत मोबाइल दप्तरात, एवढंच.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका हॅकेथॉनच्या तयारीसाठी मी मुलांना प्रश्न दिला, नळाला पाणी कधी येणार हे लोकांना कसं कळवायचं. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा रात्रीबेरात्री येतं. सगळ्या कागदांवर ॲप होतं. नकाशा, सेन्सर, सूचना. अक्कलकोट तालुक्यातल्या एका मुलीनं तिसऱ्या फेरीत कागदाच्या तळाशी कन्नडमध्ये एक ओळ लिहिली, शेजारणीनं ती मराठीत वाचून दाखवली: पाणी सोडणारा चावीवाला मिस्ड कॉल देईल. त्याचा नंबर आला की कुठली चावी उघडली ते प्रोग्रामला कळेल, आणि त्या भागातल्या घरांना आवाजातला निरोप जाईल. सेन्सरला पैसा नको, चावीवाल्याला नवा फोन नको, आजीला वाचता यायला नको. मग भांडण झालं. चावीवाला विसरला तर? आजारी पडला तर? मुद्दाम दिला नाही तर? त्या भांडणातून प्रोग्रामचा निम्मा भाग घडला. हॅकेथॉनमध्ये त्यांना बक्षीस मिळालं नाही. परीक्षकांना ॲप हवं होतं.

माझी वेळ संपत आली. आता खुर्चीवरच्या कागदाचं. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं होतात, आणि त्यात दर वर्षी तेच चार जण उठतात, हे मी इतकी वर्षं खाली बसून पाहिलेलं आहे. त्या चौघांची क्षमा मागून आज वेगळं करू या. शेजारच्या झेडपी शाळेत किंवा तुमच्या घरातल्या एखाद्या मुलाला या महिन्यात आपण काय विचारू शकतो, असा एक प्रश्न कागदावर लिहा. भाषा कुठलीही. नाव घालू नका. लिहून झालं की कागद पालथा घाला. मी सांगितलं की उजवीकडच्याला द्या. त्यानं त्याखाली आपला लिहायचा. पंखा केलेल्यांनी घडी सरळ करून घ्या. पाच मिनिटं आहेत, घड्याळ लावलंय. बोलायचं नाही.